नाक्यावर न अडलेलं फूल

बेळगावात नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ हा. दुसरा प्रश्न चहाचा. पहिल्याचं उत्तर मनासारखं आलं तर चहाबरोबर कुंदाही येतो. माणूस कुठला, घरात बोलतो काय, त्याच्या दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर नि कोणती खाली, या बाबतीत आमच्या सीमाभागाइतकी चौकस जनता पृथ्वीवर दुसरी नसावी. अशा या डोळ्यांत तेल घालून बसलेल्या जनतेसमोरून एक परदेशी पाहुणा आला, उताऱ्यावर नाव न लावता बांधावर बसला, नाल्याकाठी पसरला, घरामागच्या मोकळ्या प्लॉटात त्यानं बिऱ्हाड थाटलं, आणि आम्ही त्याला एका शब्दानं विचारलं नाही की बाबा रे, तू कुठला?

त्याचं मूळ गाव मेक्सिकोच्या आखाताच्या आसपास. पुस्तकातलं नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पान गाजरासारखं, म्हणून गाजर गवत. फूल पांढरं, बारीक, पाच कोपऱ्यांचं, म्हणून कुणी चटकचांदणी म्हणतं. आमच्याकडं मात्र मराठी आणि कानडी, दोन्ही घरांत त्याला सरळ ‘काँग्रेस’ म्हणतात. पावसाळ्यात दुरून पाहिलं तर कुणी बांधावर पोतंभर साबुदाणा सांडलाय असं वाटतं. जवळ गेलं की शिंक येते.

१९५५ साली हे गवत पुण्यात लोकांच्या नजरेला पडलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे आमच्या दोन मोठ्या अडचणी पाठोपाठच्या. दुसरीसाठी, म्हणजे सीमाप्रश्नासाठी, १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तारखा पडत राहिल्या. पहिलीनं कुणाकडं अर्ज केला नाही, निवेदन दिलं नाही, मोर्चा काढला नाही. मोठी माणसं नकाशावर बोट फिरवून कुठलं गाव कुणाचं ते ठरवत होती, तोवर ही चांदणी गावोगाव जाऊन पोचली होती. एका रोपट्याला १५,००० ते २५,००० बिया येतात. तेवढे कार्यकर्ते कुठल्याही संघटनेकडं नाहीत, आणि असले तरी ते सगळे एकाच वेळी रुजत नाहीत.

निपाणीहून कोल्हापूरकडं निघालं की कोगनोळीचा नाका लागतो. सीमाप्रश्न तापला की इथं पुढाऱ्यांच्या गाड्या अडवतात. करोनाच्या काळात इथं माणसाचं नाक तपासल्याचा कागद दाखवल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. नवरदेवही थांबवले म्हणतात. पण ट्रकच्या चाकाला लागलेल्या चिखलाला, गाडीत भरलेल्या कडब्याला आणि शेणखताला आजवर कुणी विचारलं नाही, ‘आत काय आहे?’ आत बी आहे साहेब. ते वाहनावर बसून येतं, वाऱ्यावर येतं, आणि वेदगंगा-दूधगंगेला पूर आला की फुकट येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ हमरस्ता बुडाला, दोन्हीकडची वाहतूक बंद पडली, ट्रकच्या रांगा लागल्या. तेव्हा फक्त बियांची वाहतूक सुरळीत होती.

हे फूल ‘पाहणाऱ्यां’च्या आमच्याकडं जाती आहेत. पहिली जात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत पहाटे फिरणाऱ्यांची. मंडळी बहुतेक निवृत्त. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये झाडाचं नाव सांगणारं अॅप. एकजण वाकतो, फोटो काढतो, आणि ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ असं मोठ्यांदा वाचतो. बाकीचे चौघे समाधानानं मान डोलावतात. नाव कळलं की आपल्याकडं अर्धं काम झालं असं धरतात. उरलेलं अर्धं सरकारचं. मग त्या गवताच्या साक्षीनं सरकारवर चर्चा होते, पावलांचा आकडा पुरा होतो आणि सगळे नाश्त्याला जातात. गवत तिथंच राहतं. त्याचाही नाश्ता चालू असतो.

दुसरी जात येळ्ळूरच्या राजहंसगडावर पावसाळ्यात जाणाऱ्या तरुणांची. त्या दिवसांत गडाच्या उतारावर तेरडा असतो, सोनकी असते, आभाळीची निळी फुलं गवतातून डोकावत असतात. ती बघायला वाकावं लागतं. गाजर गवत कमरेइतकं उभं असतं, त्यामुळं सेल्फीत आपोआप येतं. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं खाली लिहून फोटो पाठवतात. दुसऱ्या दिवशी हातावर पुरळ उठल्याचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. त्याखाली काही लिहिलेलं नसतं.

तिसरी जात सत्कारवाल्यांची. आमच्याकडं आठवड्याला सत्कार कमी पडले तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. अशाच एका समारंभात पाहुण्यांच्या हाती दिलेल्या गुच्छात चार गुलाब आणि मधल्या जागा भरायला नाजूक पांढरी फुलं होती. ती कुठून आली ते हॉलच्या मागच्या प्लॉटावर नजर टाकली असती तर कळलं असतं. पाहुणे गुच्छ उराशी धरून सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. दोन वाक्यांत डोळ्यांतून पाणी, चौथ्या वाक्याला गळा दाटला, पुढं शब्द फुटेना. सभागृह गहिवरलं. एवढा हळवा माणूस गावानं पाहिला नव्हता. ‘बेळगावकरांच्या प्रेमानं भारावले’ असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. प्रेमाचं नाव पार्थेनियम.

चौथी जात निर्मूलनवाल्यांची. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्याकडून तो चालतो. सप्ताह चांगलाच आहे. त्या संस्थेची माणसं खरोखर कामाची माहिती देतात. पण ती माहिती आमच्या गल्लीत पोचेपर्यंत तिचा समारंभ होतो. बॅनर लागतं, पांढरे हातमोजे वाटले जातात, आणि एक रोपटं सहा मान्यवर मिळून उपटतात. फोटोत सगळे यावेत म्हणून ते उपटलेलं रोपटं पुन्हा मातीत धरून पुन्हा उपटतात. मग फुलांनी लदलेला ढीग रस्त्याकडेला टाकून मंडळी पोह्यांकडं वळतात. ढिगावरच्या बिया तिथंच पिकतात, तिथंच गळतात. पुढच्या वर्षीच्या सप्ताहाला गर्दी कमी पडू नये, याची सोय आदल्या वर्षीच झालेली असते.

पाचवी जात शेतकऱ्यांची, ती पाहत नाही. बळ्ळारी नाल्याच्या काठानं शहापूर-वडगावच्या शिवारात मी एकदा या फुलाचा फोटो काढत होतो. भाताच्या बांधावर एक मामा खुरपं घेऊन बसले होते. त्यांनी बराच वेळ माझी कसरत पाहिली आणि म्हणाले, “फोटो काढून कमी होतंय होय सर? तसं असलं तर सगळ्या शिवाराचा काढा की.” त्यांना या फुलाचं लॅटिन नाव ठाऊक नव्हतं. मात्र जनावर याला तोंड लावत नाही, चुकून खाल्लं तर दूध कडवट लागतं, बाईमाणूस भांगलून घरी गेलं की रात्रभर अंग खाजवतं, आणि ज्या तुकड्यात हे उभं राहतं तिथं दुसरं काही धड उगवत नाही, एवढं सगळं त्यांनी मला बांधावर बसल्या बसल्या सांगितलं. शास्त्रज्ञ हेच सांगतात, फक्त त्यांना त्यासाठी प्रयोगशाळा लागते. या झाडात पार्थेनिन नावाचं कडू रसायन असतं. ते माणसाच्या कातडीला सोसत नाही आणि शेजारच्या बियांना रुजू देत नाही.

आता नावाचा घोळ. काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात भरलं होतं. महात्मा गांधी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि तेही बेळगावात. त्याची आठवण म्हणून टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, काँग्रेस रोड आहे. त्यामुळं ‘काँग्रेस रोडला काँग्रेस फार माजलंय, मुळासकट उपटलं पाहिजे’ हे वाक्य आमच्याकडं जपून ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या हातात खुरपं असेल तर विषय शेतीचा, पेपर असेल तर निवडणुकीचा. काँग्रेसवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये. चंदगड-जांबोटीकडच्या जंगलांत माजलेली रानमोडी केरळातही आहे, आणि तिला तिथले लोक ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. तणांच्या बाबतीत आपल्या जनतेनं सर्व पक्षांना समान संधी दिलेली आहे.

परक्यांचा विषय निघालाच आहे, तर थोडं घरातही डोकावू. निपाणीचं नाव देशात कशानं झालं? तंबाखूनं. ती अमेरिकेतली, पोर्तुगिजांच्या गलबतातून आलेली. शेजारच्या संकेश्वरची मिरची, जिच्या लालीवर आम्ही जीव टाकतो, तिचंही मूळ अमेरिकेतच. बेळगाव तालुक्याच्या तांबड्या मातीतले बटाटे आणि इथून दूरदूरच्या बाजारात जाणारी रताळी, दोन्ही तिकडची. चंदगडचा काजू ब्राझीलकडचा. दसऱ्याला दाराला तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा, म्हणजे गाजर गवताच्या गावचाच, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं त्याच्या कुळातलाही.

त्याहून बिकट अवस्था आषाढी एकादशीची. पहाटे उठून, अंघोळ करून, सोवळ्यात केलेल्या खिचडीत साबुदाणा दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, हिरवी मिरची अमेरिकेचीच, आणि सोबतीला रताळ्याच्या फोडी. ताटात देशी काय उरलं? तूप आणि पुण्य. विठ्ठल काही बोलत नाही. तो स्वतःच कानडा, त्याला परगावच्या माणसांची सवय आहे.

तेव्हा ‘बाहेरून आलं म्हणून वाईट’ हा हिशेब आमच्या स्वयंपाकघरात टिकत नाही. मग टोचतं काय? ते समजायला जलपर्णीकडं पाहावं लागतं. हीसुद्धा दक्षिण अमेरिकेची, दिसायला गाजर गवतापेक्षा कितीतरी देखणी. जांभळट फुलांचा तुरा, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. तिला कुणी चुकून आणलं नाही, शोभेसाठी हौसेनं आणलं. आता ती नाल्यांत, तळ्यांत, नदीच्या डोहांत अशी गच्च बसते की खाली पाणी आहे याची आठवण फक्त सातबारा-उताऱ्यांना आणि डासांना राहते. पाणी अडतं, फुगतं, आणि भाताच्या शिवारात शिरतं. पूल ओलांडताना गाड्या थांबवून लोक मात्र म्हणतात, ‘काय सुंदर!’ बंगाल या सौंदर्याला इतका विटला होता की तिथं १९३६ साली जलपर्णीचा खास कायदा झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत मोठ्या पक्षांनी जाहीरनाम्यात तिच्या नायनाटाचं वचन दिलं. आमच्याकडंही निवडणुका होतात, जाहीरनामे निघतात. त्यांत भाषा असते, अस्मिता असते, गटार असतं. त्या गटारात उभं असलेलं फूल नसतं.

कायदा नाही असं मात्र नाही. कर्नाटकात १९६८ चा शेतीवरच्या किडी-रोगांचा कायदा आहे आणि त्याखाली गाजर गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर झालेलं आहे. म्हणजे सीमाभागात ज्याच्यावर सरकारी शिक्का निर्विवाद बसलेला आहे असा रहिवासी हा एकच. पण शिक्का बसला म्हणून गवत निघत नाही. रस्त्याकडेचं कुणी काढायचं? एक खातं म्हणतं, रस्ता आमचा, कड तुमची. दुसरं म्हणतं, कड आमची, गवत तुमचं. तिसरं म्हणतं, पत्र पाठवा. पत्र कोणत्या भाषेत पाठवायचं यावर पुढचा पावसाळा जातो.

माणसांना जमेना तेव्हा सरकारनं किड्याला बोलावलं. १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा एक भुंगेरा बेंगळूरला आणला आणि तपासून-पारखून १९८४ साली मोकळा सोडला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी पट्टे, आकारानं तुरीच्या डाळीएवढा, खाणं एकच, गाजर गवत. पगार नाही, भत्ता नाही, बदलीचा अर्ज नाही. उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतो, पाऊस पडला की कामावर हजर. इतका गुणी कर्मचारी म्हटल्यावर त्याच्याविरुद्ध तक्रार होणं ओघानं आलंच. हा सूर्यफुलावर दिसला, असा बोभाटा झाला. सूर्यफूल म्हणजे गाजर गवताचं भाऊबंद, त्यामुळं संशयाला जागा होती. रीतसर चौकशी झाली, साहेब बऱ्याच काळानं निर्दोष ठरले आणि पुन्हा रुजू झाले. आजही पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर समजावं, हा तिथं कामावर आहे. त्याला मारू नये. एकट्यानं हे सगळं शिवार त्याच्यानं संपत नाही, पण तो निदान सुरुवात करतो. आमच्याकडं तेवढंही दुर्मिळ.

दुसरा भिडू आपल्या ताटातला आहे. टाकळा. पहिल्या पावसात कोवळा खुडून आपण भाजी करतो तोच. तणांचे जाणकार सांगतात की ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकळ्याचं बी गोळा करावं आणि वळवाच्या सुमाराला गाजर गवताच्या जागी फेकावं. टाकळा भराभर वाढतो, सावली धरतो, आणि गाजर गवताला उभं राहायला जागा ठेवत नाही. म्हणजे ज्या मोकळ्या प्लॉटावर आपण दहा वर्षं नगरसेवकाला शिव्या घालतो, तिथं एक मूठ बी टाकली तर गवतही कमी होईल आणि भाजीही मिळेल. शिव्यांनी आजवर दोन्ही झालेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तंबाखू आली, मिरची आली, रताळं आलं, झेंडू आला. ती सगळी बाहेरची होती, पण आपल्या वाफ्यात राहिली, शेजारी ज्वारी आली तर येऊ दिली, भात आला तर येऊ दिला. म्हणून ती आता बेळगावची, निपाणीची, संकेश्वरची झाली आणि त्यांना कुणी मूळ गाव विचारत नाही. गाजर गवतही तसंच बाहेरून आलं, पण त्यानं शेजाऱ्याला उगवूच दिलं नाही. सत्तर वर्षं राहूनही ते परकंच राहिलं ते यामुळं. गाव कुठलं, भाषा कुठली, लिपी वर की खाली, हे प्रश्न मागाहून विचारले तरी चालतील. आधी एवढं पाहावं की आलेला शेजाऱ्याला उगवू देतो की नाही. ही कसोटी फक्त वनस्पतींसाठी आहे. माणसांनी आपल्यावर ओढून घ्यायची असेल तर माझी हरकत नाही.

राहिला कामाचा भाग. पुढच्या पावसाळ्यात फिरायला जाल तेव्हा फोटो जरूर काढा, पण मोबाइल खिशात घातल्यावर हातमोजे बाहेर काढा. पाऊस पडून माती ओली असते तेव्हा रोप मुळासकट सहज येतं. फूल यायच्या आधी उपटा, त्याचं कंपोस्ट होतं. उगवल्यापासून महिनाभरात ते फुलायला लागतं, तेव्हा पुढच्या रविवारी बघू म्हणू नका. फुललेलं उपटलंत तर रस्त्याकडेला टाकू नका, आणि दमा असेल तर या भानगडीत पडूच नका, दुसऱ्याला सांगा. बांधाच्या पलीकडचं शेत महाराष्ट्रात असेल तर तिकडच्यांना हाक मारा, आणि तुम्ही तिकडचे असाल तर इकडच्यांना. आपल्या बाजूचं काढलं आणि पलीकडचं ठेवलं, तर पुढच्या श्रावणात दोन्ही बांध सारखेच पांढरे होतात.